कव्हर न घातलेली पुस्तकं

आमच्या हेडसरांइतका कुचकामी मुख्याध्यापक कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, असं मी एकदा कागदावर लिहून दिलं होतं. त्यांच्याविषयी काहीतरी लिहा, असं शाळेचे माजी विद्यार्थी गेली कित्येक वर्षं म्हणताहेत, आणि मी कधी मोतीबिंदू, कधी नातवाचं लग्न पुढे करून ते टाळत आलो. आता दोन्ही डोळे साफ झालेत आणि नातवंडांची लग्नंही उरकली आहेत.

हेडसर गडमुडशिंगीचे, शेतकरी घरातले. मी त्यांच्या हाताखाली पर्यवेक्षक होतो, म्हणजे सेवाज्येष्ठतेने त्यांच्यानंतरचा. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपली उंच पाठीची खुर्ची गणिताच्या बाईंना देऊन टाकली, कारण बाईंची कंबर धरायची. स्वतः ते एखाद्या वर्गाच्या शेवटच्या बाकावर वही घेऊन बसत. तास तपासायला आलेत असं समजून शिक्षकांना घाम फुटायचा. पण ते खरोखर शिकत असत. इतिहासाच्या सरांना एकदा त्यांनी हात वर करून सांगितलं की हे काय मला कळलं न्हाय, परत सांगा. सरांनाही ते कळलेलं नव्हतं असं निघालं, आणि तास संपल्यावर दोघं मिळून ग्रंथालयात गेले. संस्थेचे अध्यक्ष शाहूपुरीच्या कार्यालयातून अचानक भेटीला आले, तेव्हा त्यांना बसायला खुर्ची मिळेना. हेडसरांनी आठवी ‘ब’मध्ये सरकून त्यांना आपल्याशेजारी जागा करून दिली. अध्यक्ष भूमितीचा अख्खा तास बसले.

शिक्षकांच्या बैठकीत त्यांचा नियम असा की सर्वांत खालच्याने आधी बोलायचं आणि मुख्याध्यापकाने शेवटी. साहेब आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना हलवतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे बैठकीची सुरुवात शिपायाने व्हायची. त्यांना सगळी शाळा मामू म्हणे. एका जूनमध्ये मामूंनी उठून सांगितलं, “जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच पीटी ठेवलीया. पोरं ओकत्यात, आणि पुसायला मी.” ते वेळापत्रक मी तीन आठवडे खपून चार रंगांच्या शाईत केलं होतं. हेडसर माझ्याकडे वळून म्हणाले, “मामूंचं बरोबर हाय की, सर.” सगळे हसले. मीही हसलो. ते हसू पुसायला मला संध्याकाळ झाली.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे कव्हरं. चूक केलेल्या मुलाला ते मारत नसत, रागावत नसत. त्याला ग्रंथालयात आपल्यासमोर बसवायचे आणि खाकी कागद, कात्री, खळ नि चार पुस्तकं पुढ्यात ठेवायचे. विचारायचं काहीच नाही. दोघांनी मिळून कव्हरं घालायची. हात कामात आणि नजर खाली असली की माणूस खरं बोलतो, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि चौथ्या पुस्तकाच्या आत बहुतेक मुलं बोलत. त्यावर हेडसर एवढंच म्हणत, “बरं. कोपरा नीट दुमड.” विषय संपला. एका वर्षी दहावीची तुकडी इतकी वांड निघाली की शब्दकोशांनाही दुहेरी कव्हरं चढली.

पीटीच्या त्या बैठकीनंतरच्या रविवारी मी संस्थेकडे निनावी अर्ज केला. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. खुर्चीचं झालं ‘संस्थेच्या मालमत्तेचे विनापरवाना स्थलांतर’, बैठकीचं ‘सेवाज्येष्ठतेचा अवमान’, कव्हरांचं ‘विद्यार्थ्यांकडून श्रमाची कामे करवून घेणे’. बाकावर बसण्याचं ‘स्वतःचे अज्ञान विद्यार्थ्यांसमोर जाहीर करणे’. शेवटचं वाक्य वर पहिल्याच ओळीत आलंच आहे.

संस्थेने हेडसरांकडे खुलासा मागितला, आणि ते सगळे कागद घेऊन माझ्याकडेच आले. “तुमचं मराठी चांगलं, सर. तेवढं लिहून द्या की,” म्हणाले. मग अर्जाची प्रत पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालत म्हणाले, “ह्यानंबी चांगलंच लिवलंय.” मी मान वर केली नाही. खुलासा असा लिहिला, की प्रत्येक मुद्दा आपोआप कबूल व्हावा. त्यांनी तो वाचला, “सगळं खरंच हाय,” म्हणून सही केली, आणि महिन्याभरात त्यांची गारगोटीच्या शाखेत साधा शिक्षक म्हणून बदली झाली. निवृत्तीपर्यंत ते रोज एसटीने गेले-आले.

मी मुख्याध्यापक झालो. खुर्ची परत कार्यालयात आणवली. गणिताच्या बाईंनी तिच्यावर शिवलेली उशी तेवढी काढून घेतली. बैठकीत मी आधी बोलू लागलो. बैठका फार लवकर संपत. कुणालाच काही म्हणायचं नसे. सुट्टीनंतरची पीटी मात्र मी परत आणली नाही. मामूंचं बरोबर होतं.

आम्ही दोघंही निवृत्त झाल्यावर एकदा धीर करून मी गडमुडशिंगीला गेलो. चहा झाला. मग हेडसर आत गेले आणि गावच्या वाचनालयाची सात पुस्तकं, खाकी कागद, कात्री, खळ घेऊन आले. सगळं माझ्या पुढ्यात ठेवून समोर बसले. विचारलं काहीच नाही. मी ऊस, पाऊस, गुडघे आणि एसटीची भाडेवाढ एवढ्या विषयांवर बोललो आणि तीन पुस्तकांना कव्हरं घातली. दर पुस्तकाला तोंड उघडायचो आणि कात्री मागायचो. दिवे लागायच्या सुमारास मी उठलो, तेव्हा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. बाकीची पुढच्या खेपेला.”

पुढची खेप मी केली ती त्यांच्या दहाव्याला. त्यांच्या मुलाने आतून एक सुतळीने बांधलेला गठ्ठा आणून दिला. “आण्णा सांगून गेल्यात, ही चार तुमची.”

गेले दोन दिवस मी कव्हरं घालतो आहे. तीन झाली. आत्ता हे लिहिता लिहिता चौथंही झालं.

हेडसर, तो अर्जही मीच लिहिला होता. चुकलं माझं. कोपरा नीट दुमडला आहे.