तळात गेलेले भकल

वडील परक्याच्या गलबतावर खलाशी म्हणून गेले. ते गलबत परतले नाही आणि वडीलही परतले नाहीत. तेव्हापासून देवाशी माझे बोलणे जेवढ्यास तेवढे उरले. ग्रामदेवीच्या देवळात जायचो, पण ते आईचे मन राखायला. पुढे मी आणि धाकट्या भावाने रत्नागिरीतच एक जुने गलबत विकत घेतले. आगबोटींच्या दिवसांत शिडाच्या भानगडीत कशाला पडता, असे लोक म्हणत. आम्ही पावसाळाभर डागडुजी केली आणि मलबारातून लाकूड आणायचे ठरवले. आईला आम्ही दोनच मुलगे, आणि दोघेही एकाच गलबतावर. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिचे ते गप्प राहणे मला फार जड गेले.

निघायच्या दिवशी भरती चढली होती. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली, पाणी उतरले की गलबत अडकणार, म्हणून मी घाईत होतो. देवीला म्हटले, आता निर्विघ्न जाऊ दे, आणि गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, नारळ वाढवला. एक भकल समुद्राला दिले. दुसरे प्रसादाचे, ते हातातून निसटले आणि घरंगळत वरच्या फळ्यांमधल्या मोकळ्या जागेतून तळाशी, भारासाठी भरलेल्या दगडांत गेले. मी म्हटले, जाऊ दे, देवाचे देवाला पोचले. तेवढ्यात धक्क्यावरून आई म्हणाली, "देवीचा परसाद पायाखाली घेवन जानार हायस? आदी तो काड, मग जा."

माझे डोके फिरले. भरती काय माझ्या आईसाठी थांबणार होती? पण गलबत हाकणाऱ्या तांडेलाने हातातला दोर खाली ठेवला आणि खलाशीही जागचे हलेनात. नाइलाजाने दगड उपसायला घेतले. शेवटी भावाने खाली सांदीत हात घातला. भकल सापडले, आणि त्याखालच्या फळीचा तुकडाही भिजल्या भाकरीसारखा त्याच्या मुठीत आला. बाहेरून तेल पाजून गुळगुळीत केलेली फळी किड्याने आतून खाल्ली होती. बंदरात नुसती ओल धरत होती, भर दर्यात ती राहिली नसती. पाणी उतरले, मुहूर्तही गेला. मी तिथेच दगडांवर बसून रडलो.

फळी बदलून दिवाळीनंतर निघालो. जाऊन आलो, आणि वाटेत सांगण्यासारखे काहीच घडले नाही. माझा एक मित्र म्हणतो, भकल उताराला गेले आणि पाणी साचते तिथेच फळी कुजते, त्यात नवल काय? खरे आहे. मी वाद घालत नाही.

परत आल्यावर पुढ्यात पेज ठेवताना आई म्हणाली, "त्या दिवशी मी देवीला सांगितलेलं, माज्या पोरांना जाव देव नको."

एकाच देवीपाशी, एकाच वेळी, मी जायचे मागत होतो आणि ती न जायचे. देवीने दोघांचेही ऐकले, फक्त आपल्या क्रमाने. त्या उपकाराची फेड माझ्याच्याने होणार नाही.

आता निघताना मी काही मागत नाही. तुला कळते तसे कर, एवढेच म्हणतो. मग तळात उतरून एकेका फळीवरून हात फिरवतो. आई धक्क्यावर उभी असते, आणि मी वर येईपर्यंत कोणी दोर सोडत नाही.