दुसरं वाजव

"कट," मी म्हणाले. नयनाने हेडफोन काढून डोळे पुसले. टेक सुंदर होता, पण चुकीचा होता. पडद्यावरची बाई रडत नव्हती.

वर्तकनगरच्या आमच्या स्टुडिओत एका अमेरिकन पिक्चरचं मराठी डबिंग चाललेलं. मी डबिंग डिरेक्टर. गोष्ट एका ब्लूज गायिकेची, मराठीत तिचा आवाज नयनाचा. ब्लूज म्हणजे तिकडच्या काळ्या कष्टकऱ्यांच्या दुःखातून आलेलं गाणं. गाणी मूळचीच राहणार होती. आम्ही फक्त संवाद मराठीत करत होतो. संवादाच्या एकेका तुकड्याला आम्ही लूप म्हणतो. हा लूप सकाळपासून अडलेला.

प्रसंग साधा. गळ्याच्या ऑपरेशननंतर गायिका घरी आलीय. नवरा गिटारवर तिचंच गाणं सुरू करतो. ती तोंड उघडते, आवाज फुटत नाही. मग ती जरा हसते आणि म्हणते, "दुसरं वाजव."

स्टुडिओचे मालक देसाई सर आत आले. "मेधा, दोन शब्दांसाठी किती वेळ? उद्या डिलिव्हरी आहे. एवढे दोन शब्द दुसऱ्या कुणाकडून घे."

नयनाने हेडफोन पुन्हा कानाला लावला. शहाडहून येणाऱ्या या मुलीचा हा पहिलाच लीड. पिक्चरचा सगळ्यात मोठा सीन दुसरीच्या आवाजात गेला असता, तर तिला ते कायमचं लागलं असतं.

"सर, जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा," मी म्हणाले.

रेकॉर्डिस्टला आवाज बंद करायला सांगितला. नयना आणि मी नुसता सीन बघितला. एरवी माझी नजर ओठांवर असते. शब्द ओठांशी जुळवायचे, तेच आमचं काम. आज पहिल्यांदा बाकीचं दिसलं. नवऱ्याचं काम करणारा नट तिच्याकडे बघतही नव्हता. पण जिथे तिचा आवाज यायचा, तिथे त्याची बोटं हळू झाली. अख्ख्या ओळीपुरती त्याने तिला जागा सोडली. आणि तिची मान किंचित वर, गळ्याची शीर हलतेय, पायाचा अंगठा ठेका धरतोय.

"ताई," नयना कुजबुजली, "ही गातेय ना? पूर्ण ओळ गातेय!"

"मग तूही गा. आवाज न काढता."

ती माइकसमोर उभी राहिली. तोंड उघडलं. आम्हाला फक्त श्वास ऐकू आला. ओळ संपली तशी ती जरा हसली. "दुसरं वाजव."

रेकॉर्डिस्ट स्टॉप दाबायला विसरला. देसाई सर मागे खुर्चीत बसलेले, चष्मा हातात. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"ओके आहे. पुढचा लूप घ्या."

आठवड्याने क्लायंटचा रिपोर्ट आला. एका ठिकाणी शब्द ओठांशी जुळत नाहीत, एका ठिकाणी कुत्र्याचं भुंकणं वाढवा. या सीनबद्दल एक अक्षर नाही.

"ताई, कुणाला कळलंच नाही?" नयना हिरमुसली.

"अगं, त्यांनी ती बाई बघितली, तो नवरा बघितला. तू त्यांना दिसली नाहीस," मी म्हटलं. "आपल्या धंद्यात शाबासकी अशीच मिळते."