बर्फातली फायनल

बर्फामुळे माझ्या मुलाची आणि सुनेची ऑफिसं बंद होती. दोघांनी घरातच एक काल्पनिक स्पर्धा मांडली. बास्केटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंनी आपापल्या जुन्या कॉलेजकडून खेळायचं. कॅरमच्या सोंगट्या म्हणजे खेळाडू. फायनलला मुलाचं आणि सुनेचं कॉलेज समोरासमोर आलं, आणि हसणं थांबलं.

"तुमचे निम्मे तर कायम जखमी, यार," मुलगा म्हणाला.

"आणि तुमचे नुसते भाव खाणारे, तुझ्यासारखे!"

आवाज चढले. मग सून माझ्याकडे वळली. "आई, तुम्हीच सांगा, कोण जिंकलं?"

एकाचं नाव घेतलं, की दुसऱ्याचा रुसवा घरभर.

"एवढ्या बर्फात खेळाडू येणार कसे?" मी पुटपुटले. "मॅच कॅन्सल."

"आई, मॅच आत हॉलमध्ये असते गं!" मुलगा म्हणाला.

"पण विमानं बंद आहेत ना," सून म्हणाली, आणि हसू दाबत तिने सोंगट्या डब्यात भरल्या.