अंशुमनचा चार कप्प्यांचा डबा

समजा, सकाळचे साडेपाच वाजलेत आणि तुम्हाला सात वर्षांच्या मुलाचा डबा भरायचाय. डब्याला चार कप्पे. पहिल्यात पराठा नाहीतर इडली, दुसऱ्यात उसळ, तिसऱ्यात टिक्की, चौथ्यात फळ. कशाचा पराठा, कशाची टिक्की, ते मुलानं रविवारीच चिठ्ठीवर लिहून दिलंय. तुम्ही फक्त तेवढं करायचं. पावणेसातला बस.

शुभदालाही ते सोपंच वाटलं होतं. चिठ्ठीची युक्ती तिनं स्वतःच्या मुलीसाठी, अपूर्वासाठी काढली. स्वतः निवडलेलं खाणं पोर टाकत नाही, एवढंच तिचं गणित. मग बसमध्ये शेजारी बसणारा अंशुमन अपूर्वाच्या डब्यातलं खायला लागला. अंशुमन म्हणजे शुभदाच्या नवऱ्याच्या, नीरजच्या साहेबांचा मुलगा. बिस्किटांशिवाय कशाला हात न लावणारा. एका संध्याकाळी साहेबांच्या मिसेस शुभदाच्या दिल्लीतल्या, आर. के. पुरमच्या क्वार्टरचे तीन जिने चढून दारात उभ्या राहिल्या. हातात अपूर्वाच्या डब्यासारखाच कोरा डबा.

"बस कुछ दिन, शुभदाजी."

त्याला दीड वर्ष झालं.

नीरजनं पुण्याला बदली मागितली, त्यालाही आता सात महिने होतील. शुभदाचे वडील तिकडे एकटे असतात, त्यांना दिसतं कमी. अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे. नीरजच्या मागून आलेले दोन अर्ज पुढे गेले, हा तिथंच.

परवा बस स्टॉपवर डबा घेताना मॅडम हसत म्हणाल्या, "आप लोग पुणे चले गए तो ये खाएगा क्या? मैंने तो इनसे कह दिया है." साहेबांना काय सांगितलं, ते बोलल्या नाहीत. पोराला बसमध्ये चढवायला वळल्या.

घरी येऊन शुभदानं नीरजला गाठलं. "तू विचार ना साहेबांना."

"काय विचारू? सर, माझी फाइल पालकाच्या पराठ्याखाली दबलीय का?"

"मग उद्यापासून डबा बंद."

"कर बंद. म्हणजे अर्ज गेलाच समज."

"आणि देत राहिले तर?"

नीरजनं बुटाची नाडी बांधली आणि ऑफिसची बॅग उचलली.

आज पहाटे बीटच्या टिक्कीचं सारण मळताना शुभदानं मिठाची आणखी एक चिमूट उचलली. एकदा खारट झालं, दोनदा झालं, की पोरगं आपणच नको म्हणेल. कोणाला वाईटपणा नाही. समोर फ्रिजवर अंशुमनची चिठ्ठी होती, वाकड्या अक्षरात: चुकंदर की टिक्की, दो नहीं, तीन.

चिमूट तिनं बरणीत परत टाकली आणि तिसरी टिक्की थापली.

स्टॉपवर मॅडमनी डबा घेतला. "कल इडली, ठीक है?"

"बिल्कुल," शुभदा म्हणाली.

बस गेली, मॅडमही निघाल्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतक्याच अंतरावर होत्या. त्यांनी साहेबांना नेमकं सांगितलं तरी काय होतं?