आत राहिलेली अक्कलदाढ

कवळीवाल्यांच्या बायकोने त्या रविवारी सकाळी दारात उभं राहून समोरची खोली नजरेनेच मापून घेतली. शिलाई मशीन खिडकीशी, कापायचं टेबल मधोमध, शिकायला येणाऱ्या बायकांसाठी भिंतीला लागून बाक. मधली गाडी तेवढी जायला हवी होती, आणि ती आज जाणार याची तिला जवळजवळ खात्री होती.

नवऱ्याला गल्लीत सगळे कवळीवाले म्हणत, कारण ते दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देत. अर्ध्या गल्लीचं हसू त्यांच्या हातचं होतं, आणि कोणाचं ते मात्र सांगायची सोय नव्हती. "दिसली तर ती कवळी कसली?" हे त्यांचं ब्रीदवाक्य. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात एक किडा वळवळत होता. सुटे भाग मागवून घरी आपल्या हातांनी गाडी जोडायची, असा तो किडा. दोन माणसांच्या किट कारचा फायबरचा सांगाडा खोक्यांतून आला, इंजिन आणि गिअरबॉक्स एका ठोकलेल्या गाडीतून आले. "समोरच्या खोलीचं दार मोठं आहे. दोन महिने दे मला," असं ते म्हणाले होते. ते दोन महिने संपेपर्यंत मुलगी शिकली, लग्न होऊन सासरी गेली. गाडी आपली खोलीतच. आणि बायकोचा शिवणक्लास घरातल्या अरुंद बोळात, जिथे एकीने कापड पसरलं की दुसरीने गुडघे जवळ घ्यायचे.

गाडी जोडून झाली नव्हती असं कोण म्हणेल? ती कितीदा तरी जोडून झाली होती. पण जोडून झाली की त्यांना कुठेतरी काहीतरी खुपायचं. मग पुन्हा इंजिन बाहेर, पुन्हा खोलीभर तेलकट चिंध्या. शेजारी येताजाता "आज आत की बाहेर?" असं विचारायचे आणि हे बापडे खरंच उत्तर द्यायचे.

यंदा मागच्या बाजूने तेल गळत होतं आणि क्लच घसरत होता. इंजिन काढायचं म्हटल्यावर बायकोने कंबरेला पदर खोचला.

"काढा. पण हे शेवटचं. रविवारी दिवेलागणीच्या आत ही बया आपल्या पायांनी कोपऱ्यापर्यंत जाऊन आली, तर जन्मभर खोलीत ठेवा, मी ब्र काढणार नाही. नाही आली, तर भंगारवाल्याची. खोली माझी."

कवळीवाल्यांनी क्षणभरही विचार न करता "कबूल" म्हटलं. बायकोने लगोलग भंगारवाल्याला सांगूनही टाकलं.

मदतीला तिचा धाकटा भाऊ होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे जड वस्तू वर-खाली करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शनिवारी त्याने तुळईला साखळीची कप्पी टांगली. कवळीवाल्यांनी बॉनेट उतरवलं, पाणी काढलं, एकेक वायर सोडवली आणि प्रत्येक जागचे बोल्ट कवळीच्या डब्यांत वेगळे ठेवले. डब्यांवर नावं आपली नेहमीचीच. रेडिएटरचे बोल्ट "सुळे", गिअरबॉक्सचे वरचे बोल्ट "वरचा जबडा", खालचे "खालचा जबडा". मेहुणा हसून हसून खाली बसला. मग इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच उचलून बाहेर घेतले, जमिनीवर एकमेकांपासून सोडवले, गळकं सील बदललं आणि क्लचची नवी प्लेट लावली.

खरी मेख त्या प्लेटमध्येच होती. ती बरोबर मध्यावर बसली नाही, तर गिअरबॉक्सचा दांडा तिच्यातून पलीकडे जात नाही. म्हणून ती आवळण्याआधी मधल्या भोकात दांड्याच्याच मापाची खुंटी घालतात आणि आवळून झालं की काढून घेतात. अशी खुंटी बाजारात मिळते, पण विकत घेतील तर ते कवळीवाले कसले! त्यांनी दांड्याचा साचा घेतला आणि कवळीच्या गुलाबी मसाल्यातून खुंटी ओतली. तिचं माप असं, की भोकात बसली की बाहेर नखभरही दिसू नये. तिच्या डबीवर लिहिलं "अक्कलदाढ".

रविवारी सकाळी खुंटी घातली, प्लेट आवळली, चहा झाला. मग दोघांनी बायकोच्या सोफ्याच्या उशांवर गिअरबॉक्स टेकवला आणि इंजिनाकडे ढकलू लागले. गिअरबॉक्स आला आला आणि चार बोटं अलीकडे थांबला. हलवला, फिरवला, चुचकारला. तो जागचा हलेना.

"दाजी, तिरका आहे."

"मी सरळ धरलाय, तूच खांदा पाडतोयस."

"मी लिफ्टा धरतो, दाजी. माझा खांदा पडला तर माणसं पडतात!"

दुपार कलली. भंगारवाला हातगाडी दाराशी लावून पायरीवर बसला होता. तसा सज्जन माणूस, घाई करत नव्हता. मधूनमधून गाडीकडे बघून "फायबरला काही भाव येत नाही हो," एवढंच म्हणायचा.

बायको चहाचे कप उचलायला आत आली आणि तिची नजर खिडकीतल्या डब्यांवर गेली. "सुळे" भरलेले, दोन्ही जबडे भरलेले. "अक्कलदाढ" तेवढी उघडी आणि रिकामी. सकाळी उजेडासाठी टॉर्च तिनेच धरला होता. खुंटी आत जाताना तिने पाहिली होती. बाहेर येताना पाहिली नव्हती.

तिला हसूच आलं. ते तिने पदराआड दाबलं आणि कप घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेली. सुंठीवाचून खोकला जात होता. खोटं बोलायचं नव्हतं, भांडायचं नव्हतं, फक्त मूग गिळून बसायचं होतं. खिडकीशी मशीन, मधोमध टेबल. तिने कप विसळले आणि विसळलेलेच पुन्हा विसळले.

बाहेर भाऊ म्हणत होता, "दाजी, आता ढकलणं पुरे. लांब बोल्ट घालू आणि आवळून आवळून ओढून घेऊ."

"गिअरबॉक्सचं कवच तडकेल."

"मग सोडून द्या."

तिने डोकावून पाहिलं. कवळीवाल्यांनी पाना हातात घेतला होता. जबड्यावर जोर करू नये, जोराने बसवलेली कवळी तोंड सोलते, असं आयुष्यभर सांगणारा हा माणूस. मुलीला सासरी पाठवून घरी आले, तेव्हा त्यांचा चेहरा असाच झाला होता. आता त्यांनी पाना बोल्टवर चढवला. तिला ते बघवलं नाही. गाडीला ती पाण्यात पाहायची, पण गाडीच्या मालकाला नाही, आणि त्याला असं घायकुतीला आलेलं तर मुळीच नाही.

"अहो," ती म्हणाली, "थांबा. अक्कलदाढ आत राहिलीय तुमची."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं, मग डबीकडे, मग एकमेकांकडे. भाऊ आधी हसला. भंगारवाल्याला काही कळलं नव्हतं, तरी तोही हसला. गिअरबॉक्स मागे ओढला, खुंटी उपटली, आणि मग तो ड्रॉवर सरकावा तसा खटकन जागेवर बसला.

पुढे सगळी धावपळच. साखळी करकरली, जोडी वर गेली आणि हळूहळू गाडीच्या पोटात उतरली. सुळे, जबडे ज्याचे त्याला मिळाले. तेल भरलं, पाणी भरलं. उजेड सरता सरता इंजिन खोकलं, थुंकलं आणि सुरू झालं. मोठ्या दारातून गाडी पहिल्यांदाच बाहेर पडली. कवळीवाले कोपऱ्यापर्यंत गेले, वळले, परत आले. भंगारवाल्याने टाळ्या वाजवल्या आणि रिकामी हातगाडी घेऊन तो निघून गेला.

बायकोने दार पूर्ण उघडून धरलं. बोलल्या शब्दाला जागणं भाग होतं.

पण गाडी आत आली नाही. त्यांनी ती भिंतीला लागून रस्त्यावरच लावली आणि किल्ली खिशात टाकली.

"आत घ्या ना."

"नको. घरात असली की हात शिवशिवतात. पुन्हा इंजिन काढीन." ते रुमालाने उगाचच हात पुसत राहिले. "तुझी मशीन जड आहे का गं? आत्ताच आणू, मेहुणा आहे तोवर."

"आधी हात धुवा," एवढंच ती म्हणाली.

त्या खोलीत पहिलं शिवलं गेलं ते गाडीचं आच्छादन. तिने टेपने बॉनेटपासून मागच्या चाकापर्यंत मापं घेतली, एकदा नाही, दोनदा. घातलं तर अंगाला असं बसलं की कवळीवाल्यांनी चष्मा लावून शिवण शोधली आणि त्यांना सापडेना. सापडली ती फक्त एक गुलाबी पट्टी, मागच्या कडेला चांगली वीतभर बाहेर लोंबणारी.

"एवढं सुरेख काम, आणि हे काय मध्येच लोंबतंय?"

"लोंबू दे," ती दोरा दाताने तोडत म्हणाली. "बाहेर दिसलं की आत राहत नाही."