उरलेली पट्टी

माझ्या मावशीच्या नाकावर राग असतो, असं घरात सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. तीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन जखमा धुणाऱ्या नर्सला राग येत असेल, तर त्याला कारण असतं. या खेपेचं कारण मी आहे.

रोज पायी अकरा घरं, त्यातली सात चढावरची. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिच्या साहेबानं, जो दुसऱ्या मजल्यावरही लिफ्टनं जातो, तिला महिन्याची मुदत दिली. फेरी वेळेत झाली तर ठीक, नाहीतर पेशंटांच्या नोंदणीच्या खिडकीत बसायचं. मावशी आमच्याकडे येऊन भांडी आपटत म्हणाली, "खिडकीतून कुणाची जखम दिसते रे?"

माझी गिअरची सायकल दोन वर्षं गॅलरीत धूळ खात होती. मागचं चाक काढून त्याजागी मोटरचं चाक बसवायचं, बॅटरी मधल्या दांड्यावर, की झाली विजेची सायकल. व्हिडिओत माणूस अर्ध्या तासात करत होता. मी कारकून, पण अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला. मागवलं सगळं.

रविवारी जुनी चादर पसरून बसलो. मावशी स्टुलावर बसून डॉक्टरला कात्री द्यावी तसे पाने हातात देत होती. काम संपलं तेव्हा चादरीवर तळहाताएवढी एक पोलादी पट्टी राहिली.

"ही उरली कशी?" तिनं विचारलं.

तरुणपणी ती ऑपरेशनला उभी राहायची. टाके घालण्याआधी कापसाचे बोळे मोजायचे, एक जरी कमी भरला तरी डॉक्टर कितीही ओरडो, टाका घालू द्यायचा नाही, हा तिचा नियम. तो तिनं मला तिथं पुन्हा ऐकवला. मला त्या पट्टीचं काहीही ठाऊक नव्हतं. व्हिडिओचा तो भाग मी पळवला होता.

"जास्तीची देतात ती," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

उचलली जीभ लावली टाळ्याला.

बारा दिवस मावशी हवेत होती. चढ चढून घाम न येता दारात उभी राहायची, पेशंटच चकित. तेराव्या दिवशी सर्वांत उभ्या गल्लीत पुढे टेम्पो आडवा आला, ती थांबली, आणि निघताना तिनं मोटरला पूर्ण जोर दिला. चाकाचा आस सांगाड्याच्या खाचेत गर्रकन फिरला, मोटरच्या तारा पिळून तुटल्या, चाक तिरकं झालं. मावशी उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली.

मोटर चाकाला पुढे ढकलते, तेव्हा आसाला उलटं फिरवू बघते. आस सांगाड्याला धरून ठेवायला ती पट्टी असते. हे मला सायकलदुकानदारानं हसत हसत सांगितलं. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवायची तर माझ्याच होती.

तिसऱ्या दिवशी साहेबाचं पत्र आलं. प्रकृतीची काळजी घ्या, सुट्टी संपताच खिडकी क्रमांक दोनवर हजर व्हा. माझं डोकं फिरलं. चपला घालून मी त्याच्या कचेरीत तमाशा करायला निघालो, तर मावशीनं प्लॅस्टरचा हात दारात आडवा घातला.

"त्याच्यावर ओरडायला मी समर्थ आहे. तू तुझं बघ." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पडले त्याचा राग नाही मला. दोनदा विचारलं मी तुला. ठाऊक नाही, एवढं म्हणायला तुझं काय जात होतं? मी तिथंच थांबवलं असतं सगळं."

मी चपला परत काढून ठेवल्या. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्लॅस्टर निघालं. मावशीनं टेम्पो करून सायकल दुकानात नेली. वाकलेली खाच सरळ करून, नव्या तारा घालून, दोन्ही बाजूंना पट्ट्या लावून होईपर्यंत ती दुकानदाराच्या डोक्यावर बसून राहिली. मला बोलावलं नाही. तिथून ती सरळ कचेरीत गेली आणि पत्र साहेबाच्या टेबलावर ठेवून म्हणाली, उद्या मी सायकलवर, तुम्ही माझ्याबरोबर पायी या, अकरा घरं बघा, मग ठरवा. अख्ख्या कचेरीसमोर नाही म्हणायची साहेबाची टाप नव्हती. तिसऱ्या घराच्या पायरीवर तो जो बसला, तो उठेना. चौथ्या घरची म्हातारी वरून विचारत होती, की नर्सबाई कुठं अडकल्या. पत्र त्यानं दुसऱ्या दिवशी परत घेतलं.

आता मावशी रोज जाते, वेळेआधी पोचते. रविवारी आमच्याकडे येते, माझ्याशी हसते, ताटात जास्तीचं वाढते. परवा पुढचा ब्रेक उशिरा लागतोय म्हणून ती वैतागली होती. वायर ताणली असेल की रबर झिजलं असेल, हे ती माझ्या आईला विचारत होती, जिला सायकल चालवताही येत नाही. मी शेजारीच बसलो होतो. ब्रेकचं मला खरंच कळतं. तिनं मला विचारलं नाही.