चार नंबरची कॉट

फिटर त्या क्लबात शिरला तो एका निखळलेल्या पायपट्टीमुळे. सतरा वर्षांपूर्वी क्लबाने आजारी माणसांना घरी वापरायला द्यायचं सामान घेतलं, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, हँडल फिरवून पाठ वर होणाऱ्या सहा कॉटा, आणि वाचनालयाच्या दारात थाटात उद्घाटन केलं. फोटो चांगला यावा म्हणून प्रमुख पाहुणे स्वतःच खुर्चीत बसले. फोटोवाला "हसा" म्हणतोय तोच पायपट्टी निखळली आणि साहेब ढोपरांवर आले. गर्दीत बस डेपोतला एक फिटर उभा होता. तो पुढे झाला, खिशातला पाना काढला आणि आभारप्रदर्शन संपायच्या आत पट्टी बसवून मोकळा झाला. डॉक्टर, वकील आणि कापड दुकानदारांच्या त्या क्लबाला तेव्हा कुठे उमगलं की सेवा करायची तर नट आवळणारंही कोणीतरी लागतं. पुढच्याच सभेत त्यांनी त्याला सभासद करून घेतलं. छातीवर बिल्ला लागला. नखांतलं ग्रीस मात्र तसंच राहिलं.

वाचनालयाच्या जिन्याखालची खोली त्याच्या ताब्यात आली. तिथलं सामान तो डोळ्यांत तेल घालून जपायचा. कॉट कोणाच्या घरी गेली की महिन्यातून एकदा तेलाची बुदली घेऊन हजर व्हायचा, हँडलला दोन थेंब सोडायचा, नट चाचपायचा आणि रोग्याशी दोन गोष्टी करून निघायचा. आणि रोगी गेला, की चार दिवसांनी पुन्हा जायचा. नियम होता, आठ दिवसांत कॉट परत. पण फिटरने कधी फोन करून आठवण दिली नाही. तो चपला काढून आत यायचा, "सहज आलो होतो," म्हणायचा, दिलेला चहा प्यायचा आणि कॉटच्या दिशेने चुकूनही बघायचा नाही. शेवटी घरातलंच कोणीतरी म्हणायचं, "काका, तेवढी कॉट घेऊन जा हो." मग वर असलेली पाठ तो स्वतः खाली करायचा. हँडलला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्याला खपत नसे. वेडावाकडा जोर लावला की आटे जातात, असं त्याचं म्हणणं.

आता दुसऱ्या एका नियमाचं सांगतो, कारण घोडं तिथेच अडलं. चौदा वर्षांपूर्वी तेव्हाच्या अध्यक्षांनी आपल्या सासूबाईंसाठी यादी डावलून कॉट नेली. पहिलं नाव होतं एका फळवाल्याच्या बायकोचं. ती जमिनीवरच्या सतरंजीवर गेली. फिटर त्या दिवशी सभेत उभा राहिला. त्याला भाषण येत नव्हतं. "सभासदाच्या घरचं नाव असेल," तो म्हणाला, "तर ते बाहेरच्या सगळ्यांच्या नंतर. बाहेरचं एकही नाव शिल्लक असेपर्यंत आपल्याला कॉट नाही." अध्यक्षांचं तोंड कडू झालं, पण विरोध करायची कोणाची छाती झाली नाही. ठराव एकमताने झाला. त्या रात्री फिटर नेहमीपेक्षा दोन घास जास्त जेवला.

नियम चांगला होता. फक्त नियम करताना माणसाला आपली बायको कधी आजारी पडेल असं वाटत नाही.

बाईंच्या, म्हणजे फिटरच्या बायकोच्या, फुप्फुसांनी दगा दिला. चालता चालता धाप, मग बसल्या बसल्या धाप, आणि मग आडवं पडलं की जीव गुदमरायचा. डॉक्टर म्हणाले, पाठ सतत वर पाहिजे, झोपतानाही. फिटरने उशा लावून पाहिल्या, त्या घसरायच्या. घरच्या पलंगाला फळी ठोकून पाहिली, ती टोचायची. सहाही कॉटा बाहेर होत्या. सामान भाड्याने देणारं गावात एकच दुकान, तिथेही नंबर लावून लोक बसलेले. शेवटी फिटर पलंगावर भिंतीला पाय टेकून बसायचा आणि बाई त्याच्या पाठीला पाठ लावून टेकायच्या. असे ते दोघं तासन्‌तास बसून राहायचे, एकमेकांचं तोंड न दिसता.

"चाळीस वर्षं संसार केला," बाई एकदा धापा टाकत म्हणाल्या, "पण तुमची पाठ इतकी हाडकुळी आहे हे आत्ता कळलं."

"तू खायला कमी घातलंस."

"जळलं मेलं. सगळं खाल्लेलं क्लबात घालवलंत." मग त्यांनी दम घेतला. "अहो, यादीत नाव तरी लिहिलंत का माझं?"

"लिहिलंय."

"कितवं?"

यादीत तेवढं एकच नाव होतं. पहिलं म्हणावं तर ते शेवटचंही होतं. बाहेरचं नवं नाव आलं की ते तिच्या वर जायचं. त्याने स्वतःच तशी सोय करून ठेवली होती.

"तुम्ही नियम करायचे," बाई म्हणाल्या, "आणि भोगायचे मी." पण त्या चिडलेल्या नव्हत्या. चिडायलाही श्वास लागतो.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी सभा झाली. चिटणिसांनी नेहमीप्रमाणे सभासदवार्ता वाचल्या. कोणाचा वाढदिवस, टाळ्या. कोणाला नात झाली, टाळ्या. कोणी नवी गाडी घेतली, जरा कमी टाळ्या. वृक्षारोपणातली निम्मी रोपं मेली होती, तो विषय पुढच्या सभेवर ढकलला. मग अध्यक्ष उभे राहिले. हे दातांचे डॉक्टर, मनाने सरळ माणूस. म्हणाले, "फिटरसाहेबांच्या घरची परिस्थिती आपण जाणतो. सतरा वर्षं ज्याने कॉटा पोचवल्या, त्याच्यासाठी नियम एकदा बाजूला ठेवू. पहिली कॉट येईल ती त्यांची. हात वर करा."

सगळे हात वर गेले. ज्यांनी सतरा वर्षांत एक खुर्ची उचलली नव्हती त्यांचेही.

फिटर उठला. "नको," म्हणाला. "नियम तो नियम." आणि खाली बसला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्या टाळ्या त्याला क्षणभर गोड लागल्या, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यात तत्त्व होतं तशी थोडी ऐटही होती. बिस्किटं आणि चहा होऊन तो रस्त्यावर आला तेव्हा कुठे त्याला घर आठवलं. घरी बायको उशांच्या ढिगावर एकटी वाकून बसली होती, आणि तो तिचा श्वास टाळ्यांना देऊन आला होता. तिला त्याने काही सांगितलं नाही. तिला दुसऱ्या दिवशी चिटणिसांच्या बायकोकडून कळलं. ती दोन दिवस बोलली नाही, पण पाठीला पाठ लावून बसली, कारण दुसरा इलाज नव्हता.

पुढच्याच आठवड्यात दोन नंबरची कॉट परत आली. तोवर यादीत चौकातल्या न्हाव्याच्या आईचं नाव चढलं होतं, बाईंच्या नंतर येऊन बाईंच्या वर. फिटरने ती कॉट हातगाडीवर घातली आणि न्हाव्याच्या घरी नेऊन जोडली. म्हातारीची पाठ वर केली तशी ती "हाश्श" म्हणाली. तो आवाज फिटरच्या काळजात घुसला.

"काका, घरी सगळे बरे ना?" न्हाव्याने विचारलं. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं.

"बरे आहेत," फिटर म्हणाला.

तेव्हापासून त्याचं घरोघर जाणं अवघड झालं. आधी तो तेल घालायला जायचा. आता बुदली तीच, पण आत पाऊल टाकल्याबरोबर त्याची नजर रोग्याच्या चेहऱ्यावर जायची आणि मन हिशेब करू लागायचं, किती दिवस? त्याने स्वतःला शिव्या घातल्या. नजर ऐकेना.

चार नंबरची कॉट भूगोलाच्या मास्तरांकडे होती. निवृत्त होऊन वीस वर्षं झालेले, कमरेखालून गेलेले, पण डोकं लख्ख. कॉटच्या कठड्याला त्यांनी सुतळीने एक पेन्सिल बांधून ठेवली होती आणि दिवसभर ते वर्तमानपत्रातली शब्दकोडी सोडवायचे. फिटर तेल घालत होता तेव्हा ते कोड्यातून मान वर न काढता म्हणाले, "अजून थोडे दिवस आहेत हो फिटर."

फिटरच्या हातून बुदली निसटली. "असं काय बोलता मास्तर. मी सहज—"

"सहज येणारा माणूस घड्याळाकडे बघतो. तुम्ही माझी नखं निळी पडलीत का ते बघताय." मग चष्मा काढून त्यांनी नीट विचारलं, "कशा आहेत बाई?"

फिटरने सांगितलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. "मग ही घेऊन जा. मला आडवं पडून चालतं. कोडं तेवढं सुटणार नाही."

फिटर हात जोडून बाहेर पडला तो पुन्हा तिकडे फिरकला नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती. महिना उलटला, तेल घालायची तारीख गेली. सतरा वर्षांत पहिल्यांदाच गेली.

आणि एका दुपारी मास्तरांच्या सुनेचा फोन आला. मास्तर सकाळी गेले. "काका, शेवटी शेवटी हँडल फार जड फिरत होतं," ती रडत म्हणाली. "पाठ वर होईना. ते म्हणाले, राहू दे, फिटरना त्रास देऊ नका, त्यांच्या घरी आजारपण आहे."

फोन ठेवल्यावर फिटरच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की यादीत आज बाहेरचं एकही नाव नाही. त्याला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, झाला. छाती मोकळी झाल्यासारखा आनंद. त्यानंतर जे वाटलं ते त्याने आयुष्यात कधी कोणाला सांगितलं नाही.

कॉट घरी आली. त्याने आटे रॉकेलने धुतले, तेल घातलं, हँडल लोण्यात फिरावं तसं फिरू लागलं. बाईंना निजवलं आणि एकेक फेरा देत तो विचारत गेला, "आता? आता?" अठराव्या फेऱ्याला बाईंनी हात वर केला. खांदे सैल पडले. चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी कठड्यावरून हात फिरवला, तर बोटांना सुतळीची गाठ लागली. पेन्सिल सुनेने सोडून घेतली होती, गाठ राहून गेली होती.

"मास्तरांची ना?"

फिटर गाठ सोडायला वाकला.

"राहू दे ती गाठ," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "इथून तुमचं तोंड दिसतं. पाठीपेक्षा बरं आहे म्हणायचं."

दुसऱ्याच दिवशी डेपोतला एक कंडक्टर दाराशी आला. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. फिटरने बायकोच्या समोर बसून वहीत नाव लिहिलं. "एकही कॉट रिकामी नाही," म्हणाला, "आली की कळवतो." कंडक्टर मान हलवून गेला. त्याची नजर एकदाच कॉटवर गेली आणि चटका बसल्यासारखी परत फिरली. फिटरने ते पाहिलं. ती नजर त्याच्या चांगलीच ओळखीची होती.

बाई सोळा दिवस त्या कॉटवर होत्या. रोज अठरा फेरे. सतराव्या दिवशी पहाटे फिटर चहा घेऊन आला तेव्हा त्या तशाच टेकून बसल्या होत्या, तोंड त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे.

क्लबाचं महिन्याचं पत्रक निघालं. दुसऱ्या पानावर दुःखद निधन म्हणून चौकट होती, आणि शेवटच्या पानावर बातमी, की क्लबाच्या साहित्य केंद्राचा या महिन्यात दोन कुटुंबांना लाभ झाला. त्या दोनांतलं एक कुटुंब फिटरचं होतं. अध्यक्ष येऊन बसून गेले, चिटणीस येऊन गेले. कॉटचा विषय कोणी काढला नाही. फिटरने कॉटला हात लावला नाही. पाठ तशीच अठरा फेऱ्यांवर वर होती, उशीत डोक्याचा खळगा होता. पूर्वी एका शिंप्याने आईची कॉट दोन महिने अडवून ठेवली होती, तेव्हा फिटर भर सभेत म्हणाला होता, लोखंडात कसला जीव अडकतो हो लोकांचा? ते वाक्य आता त्याला आठवलं आणि त्याने जीभ चावली.

चौथ्या दिवशी दारात कंडक्टर उभा राहिला. चपला काढल्या, आत आला, खुर्चीच्या कडेवर टेकला.

"सहज आलो होतो," म्हणाला.

फिटरने चहा ठेवला. कंडक्टरने तो खाली मान घालून प्यायला. खोलीभर कॉट पसरली होती, पण त्याने तिकडे चुकूनही बघितलं नाही.

"वडील कसे आहेत?"

"आहेत. सतरंजीवर आहेत. आम्ही आळीपाळीने धरून बसतो."

फिटर उठला. उशी काढून कपाटात ठेवली. चादर काढून घडी केली. पाना काढला, नट सैल केले, मग हँडलशी वाकला, मूठ धरली आणि तसाच राहिला. पाठ खाली केल्याशिवाय कॉट दारातून निघणार नव्हती. हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"काका, मी धरू का?"

फिटरने मूठ सोडली. "तुम्हीच फिरवा," म्हणाला. "सावकाश. जोर लावू नका."

आणि तो स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. बाहेर हँडल फिरू लागलं. एक. दोन. आवाज अजिबात नव्हता इतकं ते तेलात होतं, नुसती लोखंडाची कुजबुज, पण त्याला प्रत्येक फेरा कळत होता. अठरा झाल्यावर ते थांबलं.

"झाली, काका," कंडक्टर बाहेरून म्हणाला. "पार सपाट झाली."